कार्ल पडदेवाले

‘टर्मिनेटर’ या हॉलिवूडच्या सिनेमालिकेचा सहावा भाग बघायचा तर पहिला आणि दुसरा पाठ पाहिजे आणि तिसरा, चौथा, पाचवा विसरलेला पाहिजे. ही अट माझी नाही, निर्मात्यांची आहे. 2019 मध्ये ‘टर्मिनेटर: डार्क फेट’ आला तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं, की ही गोष्ट 1991 च्या दुसऱ्या भागानंतर सुरू होते, 2003, 2009 आणि 2015 मध्ये जे काही झालं, ते झालंच नाही असं समजा. समजतो बापडा. पण ज्यांनी ते तीन भाग आळसापोटी बघितलेच नाहीत, ते आता तयारीचे ठरले, आणि आम्ही, ज्यांनी तिकिटं काढून, वेळेवर पोचून, शेवटची नावं वर सरकेपर्यंत बसून ते बघितले, आम्ही कच्चे. बघितलेला सिनेमा डोक्यातून काढायचा कसा, ते कुणी सांगत नाही. पाचवा तर शिरतानाच नीट शिरला नव्हता.

मालिकेच्या चाहत्याचा खरा छळ थिएटरात होत नाही, घरी होतो. सिनेमा तिकडे कॅलिफोर्नियात फसतो आणि जाब इकडे नाशिकला मला विचारला जातो. चौथ्या भागात टर्मिनेटर यंत्र होणारा आर्नोल्ड श्वार्झनेगर नीट दिसलाच का नाही? तर तो तेव्हा कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होता, 2003 ते 2011, म्हणून त्याचा नुसता चेहरा कॉम्प्युटरवर तयार करून दुसऱ्याच्या अंगावर बसवला. हे शंभर टक्के खरं आहे आणि आमच्या घरात यावर एकाचाही विश्वास नाही. “काहीतरी सांगता तुम्ही,” एवढ्यावर विषय मिटतो. यंत्र म्हातारं कसं होतं? तर आत लोखंड असलं तरी वरचं मांस जिवंत असतं, त्याला वय लागतं. हे उत्तर मी लिहिलेलं नाही. तरी ऐकवून मला घ्यावं लागतं.

2019 ची दिवाळी नाशिककडच्या लोकांना निराळी सांगायला नको. पाऊस जायचं नाव घेत नव्हता. ऑक्टोबर संपला तरी धो धो. निफाडकडे गोडी छाटणी झालेल्या द्राक्षबागा पोंग्यात आणि फुलोऱ्यात, आणि वरून हे. भाऊबीजेला मेहुणा प्रशांत, त्याची बायको, त्यांची सई आणि आमच्या सासूबाई असे सगळे आले. प्रशांतच्या तोंडी डावणी, घडकूज हे द्राक्षांचे रोग आणि पंचनामा याखेरीज शब्द नव्हता. बागेत इतका चिखल की ट्रॅक्टर आत घालता येत नव्हता, त्यामुळे फवारणी बंद, आणि फवारणी बंद म्हणून हा माणूस आमच्या सोफ्यावर बसून मोबाइलवर ढग बघत होता. टीव्हीवर विधानसभेचा निकाल लागून आठवडा होत आला होता आणि मुख्यमंत्री कोण, ते कुणाला सांगता येत नव्हतं. अशा वातावरणात मी जाहीर केलं, की शुक्रवारी टर्मिनेटर लागतोय आणि मी जाणार आहे. एकटा.

“एकटे का? आम्ही काय तुमचा सिनेमा खाणार आहोत?” ही बायको.

“दाजी, मला पण घ्या. बागेकडे बघवत नाही,” प्रशांत म्हणाला.

“मग मी घरात एकटी काय करू?” सासूबाई.

मारामारी जास्त म्हणून आमच्या धाकटीला शेजारच्या काकूंकडे ठेवायचं ठरलं आणि बाकी सगळी वरात निघायची ठरली. हिंदीतला शो, शनिवारी संध्याकाळचा. त्याआधी दुपारी, फराळाची ताटं मांडीवर घेऊन, “आधीचं काय ते सांगून ठेवा, म्हणजे तिथे विचारायला नको” असा हुकूम झाला. ‘तिथे विचारायला नको’ हे वाक्य ज्यांनी उच्चारलं, त्यांनीच तिथे सर्वांत जास्त विचारलं. पण ते नंतर.

“1984 साल आहे,” मी सुरुवात केली. “2029 सालातून एक यंत्र येतं, सारा कॉनर नावाच्या बाईला मारायला. आणि तिला वाचवायला एक माणूस येतो.”

“पुढच्या सालातून मागे?”

“हो.”

“कपड्यांसकट?”

मी सईकडे बघितलं. सई इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, तिने मालिका माझ्याच तालमीत बघितलेली. ती म्हणाली, “नाही आजी. त्या यंत्रातून कपडे येत नाहीत.”

“अगं बाई!”

“लगेच घालतात पण,” मी घाईने म्हटलं.

“कुणाचे?”

“समोर दिसेल त्याचे.”

सासूबाईंनी यावर काही म्हटलं नाही, फक्त पदर नीट केला. मी पुढे रेटलं. हा वाचवायला आलेला काइल रीस. साराचं आणि त्याचं जमतं, तो मरतो, आणि साराला मुलगा होतो, जॉन. हाच जॉन मोठेपणी यंत्रांविरुद्ध माणसांचा पुढारी होणार असतो, आणि त्यानेच काइलला मागे पाठवलेलं असतं.

खोलीत शांतता पसरली. सासूबाईंच्या हातातला बेसनाचा लाडू तोंडाजवळ जाऊन परत ताटात आला.

“म्हणजे पोरानं बापाला पाठवलं.”

“हो.”

“आणि बाप पोरापेक्षा लहान.”

“तेव्हा, हो.”

“आणि नसता पाठवला तर पोरगाच नसता.”

“नसता.”

“मग पहिल्यांदा पाठवला कुणी?”

या प्रश्नाला 1984 पासून कुणीही समाधानकारक उत्तर दिलेलं नाही. निफाडच्या बाईंनी अर्ध्या लाडवात तो काढला. पुढे डिसेंबर 2021 मध्ये नाशिकला 94 वं साहित्य संमेलन झालं आणि त्याच्या अध्यक्षपदी जयंत नारळीकर असल्याचं पेपरात आलं, तेव्हा सासूबाईंचा आवर्जून फोन आला होता. “जावईबापू, ते आकाशातलं कळणारे ना? त्यांना विचारता आलं तर बघा तो बाप-पोराचा घोळ.”

दुसऱ्या भागावर मात्र मी वेळ घालवला, कारण मालिकेतलं सोनं तेच. तिथे आर्नोल्ड मारायला नाही, वाचवायला येतो. दहा वर्षांचा जॉन त्याला माणसात आणतो. मारायला येतो तो पाऱ्यासारख्या धातूचा टी-1000, गजांमधून आरपार चालत जाणारा. 29 ऑगस्ट 1997 ला स्कायनेट नावाचं लष्करी कॉम्प्युटर जाळं अणुबॉम्ब टाकून जग संपवणार असतं, ते हे तिघं मिळून थांबवतात. आणि शेवटी आर्नोल्ड स्वतःहून उकळत्या पोलादात उतरतो, अंगठा वर करून. तो सिनेमा मी शाळेत असताना व्हीसीआरवर बघितला. गल्लीतल्या एकाकडे भाड्याने आणला होता, चित्रावर मुंग्या होत्या, आणि अंगठ्याच्या वेळी मुंग्यांमुळे दिसत नाही की डोळ्यांमुळे, ते कळत नव्हतं. जॉन माझ्याहून थोडा लहान. आपल्या वयाच्या पोरासाठी कुणीतरी भविष्यातून येतं, हे त्या वयात फार मोठं वाटलं होतं.

तिसरा, चौथा आणि पाचवा मी एका वाक्यात संपवला. “ते झालेच नाहीत.”

“मग तुम्ही बघायला गेला होतात ते काय होतं?” बायको म्हणाली. “2015 ला तर भर सिंहस्थाच्या गर्दीत जीव धोक्यात घालून गेला होतात.”

गेलो होतो. त्यावरूनच माझी एक उपपत्ती आहे आणि ती फक्त नाशिककरालाच सुचू शकते. दुसरा भाग 1991 चा, तिसरा 2003 चा, पाचवा 2015 चा. पंचांग काढून बघा, तिन्ही सिंहस्थाची वर्षं. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर आखाडे येतात आणि हॉलिवूडमधून आर्नोल्ड येतो. 2015 ला 14 जुलैला ध्वजारोहण झालं, त्याच महिन्यात पाचवा थिएटरात होता. चौथा 2009 ला आडवर्षी आला आणि फसला. सहावाही 2019 ला, आडवर्षीच. मुहूर्त न बघता जग बुडवायला निघाल्यावर दुसरं काय होणार? 1984 चा पहिलाही आडवर्षीच आला होता आणि तो दणदणीत चालला, ही बाब मी उपपत्ती सांगताना गाळतो.

उंटवाडीच्या मॉलमध्ये पोचेपर्यंत पाऊस पुन्हा सुरू झाला होता. दारावर पिशव्या तपासल्या, चकल्या जप्त झाल्या, सासूबाईंनी त्या रखवालदाराला “खा रे बाबा तू तरी” म्हणून प्रेमाने दिल्या. त्यामुळे आम्ही सगळे आत एका मोठ्या नैतिक विजयासह बसलो.

आणि दिवे मालवून पाच मिनिटं होत नाहीत तोच जॉन कॉनर मेला.

मी काही लपवून ठेवत नाही, सिनेमा जुना झाला. 1998 साल, ग्वाटेमालाचा समुद्रकिनारा, सारा आणि जॉन एका हॉटेलात निवांत बसलेत. लिंडा हॅमिल्टन आणि एडवर्ड फरलाँग, दोघांचेही तरुण चेहरे कॉम्प्युटरने परत आणलेले. तेवढ्यात किनाऱ्यावरून एक आर्नोल्ड चालत येतो, बंदूक उचलतो आणि पोराला गोळी घालतो. संपलं. कारण? स्कायनेट रद्द होण्याआधी त्याने मागे पाठवून ठेवलेली यंत्रं आणखीही होती. पाठवणारा राहिला नाही, हुकूम राहिला. दोन सिनेमे ज्या पोरासाठी आम्ही नखं खाल्ली, तो पॉपकॉर्न गरम असतानाच गेला. मी बारावीला होतो त्या वर्षी जॉन मेला, आणि मला हे कळायला एकवीस वर्षं लागली.

सासूबाई माझ्याकडे झुकल्या. “हाच ना तो मुलगा? ज्याच्यासाठी एवढं सगळं?”

“हो.”

“मग आता काय राहिलं बघायचं?”

परीक्षण म्हणून जगभर पानंच्या पानं लिहिली गेली, पण यापेक्षा नेमकं मी वाचलेलं नाही. मागच्या पिढीने जे राखलं ते मोडून टाकायचं आणि मग त्याच जागेवर नवं उभं करायचं. बरं, मोडणारे कुणी परके नव्हते. खुद्द जेम्स कॅमेरून निर्माता म्हणून परत आलेले, कथेतही त्यांचा हात. दिग्दर्शक टिम मिलर. लिंडा हॅमिल्टन दुसऱ्या भागानंतर पहिल्यांदा सारा म्हणून सिनेमात उभी. म्हणजे घरचेच लोक. परक्याने केलं असतं तर शिव्या देता आल्या असत्या.

मी मात्र पुढच्याच प्रसंगाने पुन्हा सरसावून बसलो. मेक्सिको सिटीमधला मोटारींचा कारखाना. नायिका डॅनी आणि तिचा भाऊ दिएगो तिथे कामाला. सकाळी कामावर येतात तर भावाच्या जागेवर रोबोचा हात बसवलेला. मी अंबडच्या एमआयडीसीत अशाच एका कारखान्यात आहे, गाड्यांचे सुटे भाग करतो आम्ही. आमच्याकडे वेल्डिंगचा रोबो आला तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालायचा होता, पण हार सांध्यात अडकेल म्हणून मेंटेनन्सवाल्याने घालू दिला नाही. शेवटी हार कंट्रोल पॅनलला, आणि हळदकुंकू हाताला, ज्या बाजूला सेन्सर नाही त्या बाजूला. रोबो स्वस्थ उभा होता. त्या दिवशी वेल्डिंगची दोन कंत्राटी पोरंही पेढे खायला होती. दिवाळीनंतर ती आली नाहीत. कुणी भविष्यातून आलं नाही, कुणाच्या डोळ्यात लाल दिवा लागला नाही. एचआरने एक मेल पाठवला.

म्हणून मला वाटलं, सापडली यांना नस! आता हा सिनेमा याच्यावरच होणार. मग दोन-चार मिनिटांत कारखान्यात बंदुका निघाल्या, गाड्या निघाल्या, महामार्गावर ट्रकने ट्रक उडवले, आणि दिएगोच्या नोकरीचा विषय जो मागे राहिला तो राहिलाच. मालिकेला एवढ्या वर्षांनी स्वतःचा म्हणावा असा एक नवा विचार सुचला होता, त्याला सुपारी फुटायच्या आत हुसकून लावलं.

नवं काय ते पटकन सांगतो. स्कायनेट गेलं, पण त्याच्या जागी लीजन नावाचं दुसरं जाळं आलंय. तेही माणसांवर उलटतं, तेही मारेकरी मागे पाठवतं. डॅनीला वाचवायला 2042 मधून ग्रेस येते, ती माणूसच आहे पण आतून यंत्रं बसवलेली. मारायला रेव्ह-9 येतो, तो आपल्या सांगाड्यातून कातडी वेगळी काढून एकाचे दोन होतो. हे मी अंधारात कुजबुजत प्रशांतला समजावत होतो तर तो म्हणाला, “कळलं दाजी. डावणीचं असंच असतं. तुम्ही एक औषध मारा, दोन वर्षं चालतं, मग तीच डावणी त्याला दाद देत नाही. कंपनी नव्या नावाचं औषध आणते. रोग तोच, बाटली नवी, आणि पैसे आपले.” पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून बघितलं. रागावेल असं वाटलं, पण तो म्हणाला, “कुठं बाग तुमची? आमची पिंपळगावला.” मग दोघं मोठ्या ट्रकच्या स्फोटातून पावसाचं बोलत राहिले.

सारा कॉनर आली तेव्हा मात्र मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने. साठी ओलांडलेली बाई, रॉकेट लाँचर खांद्यावर, चेहऱ्यावर सुरकुत्या झाकायची कसलीही धडपड नाही. तिचा मोबाइल ती बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात ठेवते, आतल्या चंदेरी थराने सिग्नल अडतो आणि माग लागत नाही म्हणून. मध्यंतरात सईने याची चाचणी घेतली. वेफर्सचं पाकीट रिकामं केलं, आजीचा फोन आत घालून तोंड मुडपलं आणि मला रिंग द्यायला सांगितली. पहिल्याच फटक्याला वाजला. ‘विठ्ठल विठ्ठल’ करत अख्खं पाकीट थरथरायला लागलं. फोनला मीठ-मसाला लागला तो वेगळाच. “तिच्याकडचे वेफर्स चांगल्या कंपनीचे असतील,” सासूबाई म्हणाल्या आणि पदराने फोन पुसत आत गेल्या.

उत्तरार्धात कार्ल आला, आणि मी या सिनेमाला बाकी सगळं माफ केलं.

कार्ल म्हणजे तोच आर्नोल्ड, ज्याने किनाऱ्यावर जॉनला मारलं. काम झाल्यावर हुकूम द्यायला वर कुणी उरलंच नव्हतं. तेव्हा या यंत्राने टेक्सासात एका बाईला आणि तिच्या मुलाला आसरा दिला, त्यांच्याबरोबर घर केलं, आणि धंदा काढला. कसला? पडद्यांचा. खिडक्यांना लावायचे पडदे. बहात्तर वर्षांचा आर्नोल्ड, पांढरी दाढी, चेहऱ्यावरची रेष न हलवता सांगतो, की एक गिऱ्हाईक आपल्या लहान मुलीच्या खिडकीला एकरंगी पडदे लावायचे म्हणत होतं, मी त्याला म्हटलं, असं करू नका, तिला फुलपाखरं पाहिजेत, ठिपके पाहिजेत, फुगे पाहिजेत. बाहेर मानवजातीचा शेवट जवळ आलाय. आणि हा संपूर्ण गांभीर्याने फुग्यांबद्दल बोलतोय.

मी हसलो, थिएटर हसलं. आमच्या रांगेत मात्र कुणी हसलं नाही. आमच्या रांगेत माना डोलल्या.

“बरोबर आहे त्याचं,” बायको म्हणाली.

“कामसू माणूस दिसतो,” सासूबाई म्हणाल्या. मग एकदम काहीतरी आठवून, “पण पोराला यानंच मारलं ना?”

“यानेच.”

“आणि ती आई त्याच्या घरात उभी आहे.”

त्यानंतर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. साराला इतकी वर्षं मोबाइलवर निनावी संदेश यायचे, पुढचं यंत्र कुठे आणि कधी उतरणार त्याचे, ते हाच पाठवत होता, तिच्या जगण्याला काहीतरी कारण असावं म्हणून. हे उघड झालं तेव्हा सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि सिनेमाकडे बघतच म्हणाल्या, “याला माफ नाही करायचं. पण पडदे याच्याचकडून घ्यायचे.” कार्ल मोहिमेवर निघताना काळ्या चष्म्याकडे बघतो आणि तो तसाच ठेवून देतो, तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. मी तो चष्मा मेन रोडच्या फुटपाथवरून घेतला होता, नववीत. घातला की काही दिसायचं नाही.

शेवटचा अर्धा तास नेहमीचा. लष्करी विमान फुटतं, हवेत गाडी लोंबकळते, सगळे धरणात पडतात. “कुठलं धरण?” प्रशांत जागा झाला. जलविद्युत प्रकल्प आहे म्हटल्यावर तो ताठ बसला आणि पाणी कुणाच्या वाट्याचं, खाली किती सोडतात, असं विचारू लागला. जायकवाडीला पाणी सोडण्यावरून ज्याने निम्मं आयुष्य वाद घातलाय, त्याला धरणातला रेव्ह-9 दिसत नाही, दरवाजे दिसतात. कार्ल शेवटी रेव्ह-9 ला घेऊन स्वतःही संपतो, “जॉनसाठी” म्हणतो. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मुंग्या नसलेल्या पडद्यावर तोच शेवट पुन्हा बघत होतो, फक्त या वेळी अंगठा नव्हता.

आता माझं मत. पाचव्यापेक्षा हा कितीतरी बरा आहे, आणि चौथ्याविषयी मला बोलायला लावू नका. पण दुसऱ्या भागाने आम्हाला एक शब्द दिला होता, की भविष्य कुठे लिहून ठेवलेलं नसतं, आपण करू ते होतं. तो शब्द पुढच्या प्रत्येक भागाने मोडला. तिसऱ्यात जग बुडणं टळलं नव्हतं, फक्त 2004 वर गेलं होतं. पाचव्यात ते 2017 वर गेलं. सहाव्यात तर बुडवणाराच बदलला. जगाचा शेवट यांना होऊ द्यायचा नसतो आणि टळूही द्यायचा नसतो, कारण दोन्हींपैकी काहीही एकदाचं झालं तर मालिका संपेल, आणि ती संपणं परवडत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये या देशातला पहिला मोठा सिनेमा केला तो दिलेला शब्द पाळणाऱ्या हरिश्चंद्राचा. पुढचा भाग काढायचा म्हणून त्यांनी राजाला शब्द फिरवायला लावला नाही.

हिशेबही सांगून टाकतो, कारण प्रशांतने परतीच्या वाटेवर तोच विचारला होता. पहिला टर्मिनेटर साधारण 64 लाख डॉलरमध्ये झाला. सहाव्याला सुमारे साडेअठरा कोटी डॉलर लागले आणि जगभरात सव्वीस कोटींच्या आसपास जमले. ऐकायला नफा वाटतो. पण तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थिएटरवाले ठेवतात, आणि जाहिरातीचा खर्च त्या साडेअठरात धरलेला नसतो. “म्हणजे आमच्यासारखंच,” प्रशांत म्हणाला. “बाजारात दर चांगला, हातात काही नाही.” सिनेमा सपशेल आपटला. स्कायनेटला, लीजनला, कुणालाच जे जमलं नव्हतं ते प्रेक्षकांनी घरी बसून केलं.

डिसेंबरात थंडी पडल्यावर सासूबाई पुन्हा आल्या, आणि आमच्या धाकटीच्या खोलीला पडदे घ्यायचे निघाले. तोवर जुन्या घरातले पडदे लावले होते, ते खिडकीच्या गुडघ्यापर्यंतच यायचे. मेन रोडच्या दुकानात गादीवर बसलो. दुकानदाराने राखाडी रंगाचं कापड फर्रकन उलगडलं. “सध्या सगळीकडे हेच चालतं ताई. प्लेन. अस्तर लावून देतो.”

“लहान मुलीची खोली आहे,” मी म्हणालो. “एकरंगी नको. फुलपाखरं दाखवा. ठिपके दाखवा. फुगे असतील तर फुगे.”

दुकानदार थांबला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “साहेब याच लाइनमधले का?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या, “ओळखीचे एक होते ह्यांच्या. टेक्सासला. वारले बिचारे.”

दुकानदाराने आदराने मान हलवली आणि आतून फुलपाखरांचा गठ्ठा आणवला. मग आयलेट की प्लीट, पन्हा किती, शिलाई आमच्याकडे की बाहेर, अशी सरबत्ती सुरू झाली आणि मी गप्प बसलो, कारण हॉलिवूडने एवढ्या खोलात नेलं नव्हतं. तिथून पुढचं सासूबाईंनी सांभाळलं. शिलाईत दोनशे रुपये कमीही केले.

हॉलचे पडदे मात्र त्या दिवशी ठरले नाहीत, बायकोला निळा पाहिजे होता आणि मला कळत नव्हतं. ते अजून ठरलेले नाहीत. सध्या 2026-27 च्या सिंहस्थासाठी शहर जागोजागी खोदून ठेवलंय, परवा सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी त्याच धुळीत अडकलो होतो. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली, प्रशांतची छाटणी झाल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाल्या, “सिंहस्थ आलाय. तुमचा सातवा कधी?”

“नाही येणार बहुतेक, आई. सहावा फार आपटला.”

“अहो, मग हॉलच्या पडद्यांचं कुणाला विचारायचं?”